डिस्पर्स्ड कॅम्पिंग

डिस्पर्स्ड कॅम्पिंग : अमेरिकेच्या संघीय सरकारच्या जमिनीवर, आखून दिलेल्या तळापासून दूर, कसलीही सोय नसलेल्या जागी, पैसे न भरता केलेला मुक्काम. ‘डिस्पर्स्ड’ म्हणजे विखुरलेला. तंबू ओळीने, खेटून लागत नाहीत, रानभर कुठे कुठे लागतात, म्हणून हे नाव. मराठीत याला रूढ शब्द नाही; या नोंदीत सोयीसाठी ‘रानमुक्काम’ म्हटले आहे. इथे नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, दिवा नाही, जागेला नंबर नाही आणि आगाऊ नोंदणीही नाही. जो आधी पोचला त्याची जागा. मोटारघर, म्हणजे आरव्ही, घेऊन असेच राहणारे लोक याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. हा शब्द तागालोग भाषेतल्या ‘बुंडोक’ (डोंगर) या शब्दावरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो मायदेशी नेला आणि त्याचा अर्थ ‘आडरान’ असा झाला.

रानमुक्काम मुख्यतः दोन खात्यांच्या जमिनीवर होतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर. दोन्ही मिळून जवळजवळ पावणेसहा महाराष्ट्र मावतील एवढा हा पसारा आहे आणि त्यातला बहुतेक देशाच्या पश्चिम भागात आहे. नेव्हाडा राज्याची तर सुमारे ८० टक्के जमीन संघीय सरकारची. पूर्वेकडे अशी जमीन कमी. तिथे रानमुक्काम ॲपलेशियन डोंगररांगेतल्या पिस्गासारख्या राष्ट्रीय वनांत करता येतो. नवख्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो तो ‘नॅशनल पार्क’ आणि ‘नॅशनल फॉरेस्ट’ या दोन नावांत. नॅशनल पार्कमध्ये वाटेल तिथे मुक्काम चालत नाही; एकतर आखलेला तळ, नाहीतर आतल्या रानासाठी परवाना. मोकळीक आहे ती पार्कला लागून असलेल्या वनात किंवा बीएलएमच्या माळावर. आदिवासी राष्ट्रांच्या राखीव जमिनी ही आणखी वेगळी गोष्ट. त्या सार्वजनिक जमिनी नव्हेत. नावाहो नेशनसारख्या ठिकाणी मुक्कामाला त्यांचा परवाना लागतो.

एवढी जमीन सरकारकडे उरली कशी, याचे उत्तर पावसात आहे. मूळची ही भूमी आदिवासी जमातींची. तह आणि लढायांच्या मार्गाने ती हिसकावून घेतली गेली. मग १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन द्यायला सुरुवात झाली. मिसिसिपीच्या आसपासच्या ओलाव्यात १६० एकरांत कुटुंबाचे पोट भरे. नेव्हाडा-युटाच्या कोरड्या माळावर तेवढ्यात चार गुरेही जगणे कठीण, त्यामुळे ती जमीन कोणी मागितलीच नाही. उंच डोंगरांवरची जंगले १८९१ पासून राखीव होऊ लागली आणि १९०५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन होऊन तिच्याकडे गेली. उरलेल्या माळावर १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने चराईची शिस्त आली. जमिनींचे जुने खाते आणि चराईचे खाते एकत्र करून १९४६ मध्ये बीएलएम झाले. शेवटी १९७६ च्या संघीय जमीन धोरण कायद्याने होमस्टेडचे दार बंद केले (अलास्कापुरते ते आणखी दहा वर्षे उघडे होते) आणि ही जमीन सर्वसाधारणपणे सरकारकडेच राहील, चराई, खाणी, लाकूड, शिकार आणि भटकंती अशा अनेक कामांना वापरली जाईल, असे ठरवले. थोडक्यात, आज लोक ज्या एकांतासाठी शेकडो मैल गाडी हाकतात, ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणालाही नको असलेली जमीन आहे.

मुक्काम फुकट का, हा प्रश्न त्याहून रंजक आहे. सरकारचे औदार्य, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात २००४ च्या संघीय मनोरंजन शुल्क कायद्याने या दोन्ही खात्यांचे हात बांधले आहेत. तळावर पैसे घ्यायचे तर तंबूची जागा, टेबल, पिण्याचे पाणी, पोचरस्ता, संडास, कचऱ्याचे डबे, शुल्क गोळा करणारा माणूस, सुरक्षेची वाजवी व्यवस्था, चुलीचे साधे कडे अशा नऊ गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक तिथे असाव्या लागतात. त्या नसतील तर शुल्क घेता येत नाही. म्हणजे रानमुक्काम फुकट आहे तो तिथे काहीच नाही म्हणून; आणि काहीच नाही, तोवरच तो फुकट आहे.

जागा शोधणे ही या प्रकारातली खरी विद्या. फॉरेस्ट सर्व्हिसने २००५ च्या नियमानुसार प्रत्येक वनासाठी मोटार वापराचे नकाशे (‘मोटार व्हेइकल यूज मॅप’) काढले. नकाशा फुकट मिळतो. पण काळापांढरा, रुक्ष, तलाठ्याच्या दप्तरातून सुटून आल्यासारखा. ज्या रस्त्याच्या कडेला बारीक ठिपक्यांची ओळ असेल, त्या रस्त्यापासून ठरलेल्या अंतरापर्यंत गाडी आत घालून मुक्काम करता येतो. ते अंतर वनागणिक बदलते. १९६४ च्या कायद्याने ‘वाइल्डरनेस’ ठरवलेल्या भागात गाडीच नेता येत नाही, तिथे सामान पाठीवर. पश्चिमेत आणखी एक भानगड आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना एक सोडून एक असे मैलभराचे चौकोन बहाल केले गेले. त्यामुळे वायोमिंग-नेव्हाडात सरकारी आणि खासगी जमीन आजही सोंगट्यांच्या पटासारखी गुंतलेली आहे. कुंपण दिसत नाही म्हणून जागा सरकारी, असा हिशेब इथे चालत नाही. म्हणून हल्ली लोक जमिनीची मालकी दाखवणारे ॲप फोनमध्ये आधीच उतरवून घेतात. रानात गेल्यावर रेंज नसते.

डांबरी रस्ता सोडला की आधी गुरे अडवणारी जाळी लागते. रस्त्यातल्या खड्ड्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. गाडी खडखडत पलीकडे जाते, गाय पाय टाकायला धजत नाही. कुठे साधे फाटक असते. उघडे होते तर उघडे ठेवायचे आणि बंद होते तर आपल्यामागे बंद करायचे, हा अलिखित कायदा, कारण त्या माळावर कोणाची तरी परवान्याची गुरे चरत असतात. पुढे फुटलेल्या एखाद्या वाटेच्या टोकाशी घट्ट दबलेली जमीन, मधोमध काजळी धरलेल्या दगडांचे कडे आणि त्यात कोणीतरी टाकलेले, न जळलेले डब्याचे पत्रे दिसले की समजायचे, जागा सापडली. नवी जागा न मोडता अशा वापरातल्या जागीच उतरावे, असा संकेत आहे. युटाच्या वाळवंटात त्याला सबळ कारण आहे : तिथे मातीवर जिवाणू, शेवाळे आणि दगडफूल यांचा काळसर, खरबरीत पापुद्रा असतो. तो माती धरून ठेवतो. बुटाखाली एकदा चुरला की भरून यायला कित्येक दशके लागू शकतात.

मुदतीचा सर्वसाधारण नियम १४ दिवसांचा. बीएलएमच्या बहुतेक भागांत २८ दिवसांच्या काळात १४ दिवस एका जागी राहता येते. मग बऱ्याच ठिकाणी किमान २५ मैल दूर जावे लागते. वनांचे नियम वेगवेगळे आहेत. ग्रँड टीटन शिखरे समोर दिसणाऱ्या शॅडो माउंटनवर उन्हाळ्यात फक्त ५ दिवस. याला उलटा अपवाद ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे. तिथे १९८३ पासून बीएलएमने दीर्घ मुक्कामाचे प्रदेश ठेवले आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामाचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरचा होता. थंडी चुकवायला उत्तरेकडून आलेली पेन्शनर जोडपी ॲरिझोनातल्या क्वार्टझ्साइटजवळ हिवाळाभर मोटारघरात राहतात.

पाणी सोबत न्यायचे. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हा किमान हिशेब. ओढ्याकाठी जागा मिळाली तरी तंबू पाण्यापासून २०० फूट लांब. परसाकडे जाण्यालाही हेच अंतर. लहान फावड्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा, कारण मातीचे कुजवणारे जीव वरच्याच थरात असतात; उरकल्यावर तीच माती लोटून जागा पूर्ववत करायची. कोरड्या वाळवंटात काहीच लवकर कुजत नाही. म्हणून मोआबच्या आसपास आणि अनेक अरुंद घळींत खड्डाही चालत नाही. ओलावा शोषून घट्ट करणारी पावडर घातलेल्या पिशवीत सगळे बांधून परत न्यावे लागते. रानमुक्कामाची छायाचित्रे पुष्कळ निघतात, त्यांत ही पिशवी कधी दिसत नाही.

चुलीबाबत तर चूक परवडतच नाही. अमेरिकेत वणव्यांपैकी सुमारे ८५ टक्के माणसांमुळे लागतात. मे २०११ मध्ये पूर्व ॲरिझोनातल्या बेअर वॉलो रानात दोन चुलत भावांनी मुक्कामाची आग विझली असे समजून जागा सोडली. सकाळी त्यांनी चुलीत खाऊच्या गोळीचा चकचकीत कागद टाकून पाहिला होता. तो वितळला नाही, म्हणजे आग गेली, असे त्यांना वाटले. राखेखालचा निखारा वाऱ्याने फुलला आणि ५ लाख ३८ हजार एकर जळाले. ॲरिझोनाच्या नोंदलेल्या इतिहासात त्याहून मोठा वणवा नाही. म्हणून नियम असा : पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि शेवटी उघड्या हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहायची. ऊब लागली तर निघायचे नाही. कॅलिफोर्नियाच्या राष्ट्रीय वनांत गॅसच्या शेगडीलाही (फुकटचा) परवाना लागतो, आणि कडक उन्हाळ्यात लाकडाच्या चुलीवर बऱ्याच ठिकाणी सरसकट बंदी येते. अस्वलांच्या मुलुखात आणखी एक काम वाढते : अन्नच नव्हे, टूथपेस्टसुद्धा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा बंद गाडीत ठेवायची, तंबूत नाही.

नैर्ऋत्य अमेरिकेतल्या उन्हाळी पावसाला तिथेही ‘मान्सून’च म्हणतात. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग दाटतात, वीस मैलांवरच्या डोंगरावर कोसळतात आणि आपल्या डोक्यावर निळे आकाश असताना कोरडा नाला भरून येतो. नाल्यातली मऊ, सपाट वाळू तंबूला फार छान वाटते. तिथे झोपू नये. युटाच्या काही रस्त्यांवर बेंटोनाइटची चिकणमाती आहे. मराठवाड्याच्या काळ्या रानात पहिल्या पावसात बैलगाडीचे चाक चिखलाने जाडजूड होऊन जागच्या जागी बसते, ते ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. फोर-व्हील गाडीचेही तिथे काही चालत नाही. रस्ता वाळेपर्यंत थांबायचे, म्हणून दोन दिवसांचा शिधा जास्तीचा ठेवतात.

सगळेच हौसेने राहत नाहीत. घरभाडे परवडेनासे झालेली माणसे गाडीत संसार थाटून याच जमिनींवर राहतात आणि १४ दिवसांच्या नियमाचा खरा बडगा त्यांच्यावरच पडतो, कारण कायमच्या वस्तीला या जमिनींवर परवानगी नाही. मे २०२५ मध्ये ऑरेगनमधल्या बेंड शहरालगत डेशूट्स राष्ट्रीय वनातला एक मोठा भाग फॉरेस्ट सर्व्हिसने वणव्याचा धोका कमी करण्याच्या कामासाठी बंद केला, तेव्हा तिथे दीर्घकाळ राहणाऱ्यांना निघावे लागले. सुट्टीवर आलेला आणि घर गमावलेला यांचे तंबू दिसायला सारखेच असतात. त्याच वर्षी सार्वजनिक जमिनींपैकी वीस लाखांहून अधिक एकर विकण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. शिकारी, मासेमार आणि पर्यावरणवादी एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. या वेळी ते एकत्र आले आणि जूनअखेर प्रस्ताव मागे घेतला गेला.

इतर देशांत याचे चुलतभाऊ आहेत. स्वीडनमध्ये ‘अलेमान्सरेटन’ या परंपरागत हक्काने, तर स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने, खासगी जमिनीवरही जबाबदारीने तंबू टाकता येतो. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात सरकारी जमिनीवर देशातल्या रहिवाशांना एका जागी २१ दिवस राहता येते. महाराष्ट्रात गडावरच्या गुहेत किंवा देवळात पथारी टाकण्याची जुनी रीत आहे. पण ती सवलतीने चालत आलेली, हक्काची नव्हे, आणि अभयारण्यांत वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही. कॅलिफोर्निया-ॲरिझोनात नोकरीला गेलेली मराठी मंडळी तिथल्या रानात तंबू ठोकतात, तेव्हा ‘परवानगी कोणाची काढायची?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. बहुतेक ठिकाणी कोणाचीच नाही, या उत्तरावर विश्वास बसायला वेळ लागतो.

मात्र हे उत्तर दिवसेंदिवस कमी ठिकाणी खरे ठरत आहे. कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी अलाबामा हिल्स नावाचे गोलसर, तांबूस खडकांचे रान आहे. हॉलिवूडने १९३० च्या दशकात हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत म्हणून हेच खडक पडद्यावर दाखवले होते. बीएलएमच्या या जमिनीवर लोक वर्षानुवर्षे वाटेल त्या खडकाआड गाडी लावून झोपत. फोटो पसरले, गाड्या वाढल्या, झुडपे चाकांखाली गेली, खडकांच्या सांदीत कागद उडू लागले. २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, या भागाला ‘नॅशनल सीनिक एरिया’चा (राष्ट्रीय निसर्गरम्य प्रदेशाचा) दर्जा दिला. आता तिथे मुक्काम ठरवून दिलेल्या जागांवरच करता येतो आणि त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. परवाना अजून फुकट आहे.