एका कानातला आवाज जातो तेव्हा

हेडफोनच्या एका कानातला आवाज अचानक जातो. पिन जरा फिरवली की खरखर होऊन परत येतो, हात काढला की पुन्हा गायब. माझ्या पहिल्या म्युझिक प्लेअरवर मी शेवटचे काही महिने पिन बोटाने दाबून धरूनच गाणी ऐकली. त्याचा जॅक, म्हणजे पिन जिथे घालतो ते भोक, वाचवता आला असता, हे फार उशिरा कळलं.

या पिनेचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमधला. तिथे ऑपरेटर ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन हाताने सरळ आत घालत आणि सरळच बाहेर काढत. ३.५ मिलिमीटरची पिन हे तिचंच धाकटं भावंड. १९७९ साली आलेल्या पहिल्या वॉकमनला तर अशी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी. मात्र एक्स्चेंजमधली पिन कुणाच्या खिशात वाकत नव्हती.

पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. जॅकच्या आत प्रत्येकासाठी पितळेसारख्या धातूची एकेक स्प्रिंगपट्टी असते आणि तिचा पाय सर्किट बोर्डावर सोल्डरने, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूने, जोडलेला असतो. एका पायाचं सोल्डर तडकलं की एकच कान मुका होतो. सामाईक पाय सुटला तर त्याहून विचित्र प्रकार घडतो: गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो. सामाईक पायातून जाणारी विजेची परतीची वाट तुटल्यावर कानांपर्यंत फक्त डाव्या-उजव्यातला फरक पोचतो, आणि जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं.

सोल्डर तडकतं ते तरफेमुळे. सरळ पिनेचा सुमारे १४ मिलिमीटर भाग आत असतो, बाहेरचा दांडा ३० मिलिमीटरच्या आसपास. खिशात त्याच्या टोकावर दाब आला की आत तो दुपटीहून जास्त होऊन पोचतो. एकदा नव्हे, चालताना पावलागणिक.

म्हणून माझा पहिला आग्रह काटकोनी पिनेचा, कारण तिचा दांडा बाहेर फार येत नाही. सरळ पिन असेल तर वीतभर लांबीची एक्स्टेंशन वायर प्लेअरला कायमची लावून ठेवा आणि घालणं-काढणं तिच्या दुसऱ्या टोकाला करा. खराब झालीच तर वायर होईल, बोर्ड नाही. खिशात ठेवताना प्लेअरची पिन लावलेली बाजू वर हवी. पिन लावलेली असताना प्लेअरभोवती वायर गुंडाळू नका, आणि ओढायची ती पिन धरून.

खरखर सुरू झालीच, तर आधी दुसरा हेडफोन लावून बघा. आवाज नीट आला तर जॅक शाबूत आहे, दोष वायरीचा. दोन्ही हेडफोन खरखरले तर बॅटरीच्या प्रकाशात भोकात डोकवा. खिशातला कापसाचा बोळा तळाशी दबून बसला असेल, तर पिन पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून तो लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई मात्र नको, तिने स्प्रिंगपट्टी वाकते.