‘प्रेमा’च्या आधीची वाट : जपानी गायक आणि इंग्रजी अल्बम

फुजी काझे यांचा ‘प्रेमा’ हा तिसरा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत तो इंग्रजीत आहे. योकोहामाचं निस्सान स्टेडियम भरवणाऱ्या गायकाला स्वतःची भाषा बाजूला ठेवून अल्बम का करावासा वाटला, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

युद्धानंतर जपानमध्ये अमेरिकन फौजांचे तळ होते. तिथल्या क्लबांत रोज संध्याकाळी गाणारे हवे असत, आणि पैसे चांगले मिळत. जपानी पॉपची एक अख्खी पिढी या तळांवर इंग्रजी गाणी म्हणत तयार झाली. त्यांच्यातल्याच एरी चिएमी यांनी किशोरवयात ‘टेनेसी वॉल्ट्झ’ रेकॉर्ड केलं, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं जपानीत. १९५२ मध्ये ते जपानभर वाजलं. म्हणजे इंग्रजीत गाणं ही तिथे परदेशवारीची तयारी नव्हती, ते पोटापाण्याचं साधन होतं.

उलट अमेरिका जिंकली ती जपानी गाण्यानेच. साकामोतो क्यू यांचं ‘उए ओ मुइते आरुको’ जून १९६३ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत तीन आठवडे पहिलं होतं. गीतकार एई रोकुसुके यांनी ते १९६० च्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धचं आंदोलन फसल्यानंतरच्या खिन्नतेतून लिहिलं. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचं हे गाणं. पाश्चात्त्य बाजारात त्याचं नाव झालं ‘सुकियाकी’, म्हणजे मांसाचा एक पदार्थ! उच्चारायला सोपं, एवढंच कारण. मला हे आजही बोचतं. तरीही श्रोत्यांनी एक शब्द न कळता ते डोक्यावर घेतलं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर प्रयत्न झाले ते इंग्रजीतून. १९७९ मध्ये ‘पिंक लेडी’ ही ‘मी’ आणि ‘केई’ अशा नावांच्या दोन गायिकांची जोडी ‘किस इन द डार्क’ घेऊन हॉट १०० मध्ये ३७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी एनबीसी वाहिनीने त्यांना विनोदी कलाकार जेफ आल्टमन यांच्यासोबत स्वतंत्र कार्यक्रम दिला. दोघींना इंग्रजी जेमतेम येत होतं. संवाद अर्थ न कळता, नुसते आवाज घोकून त्या कॅमेऱ्यासमोर म्हणायच्या. मायदेशी शाळकरी मुलं ज्यांच्या नाचाची नक्कल करायची, त्या दोघींना तिथे परक्या भाषेत हसायला लावलं जात होतं. पाच भागांत कार्यक्रम गुंडाळला. १९९० मध्ये गायिका मात्सुदा सेइको यांनी ‘सेइको’ हा इंग्रजी अल्बम केला. त्यातलं अमेरिकन गायक डॉनी वॉलबर्ग यांच्यासोबतचं युगुलगीत हॉट १०० मध्ये ५४ व्या क्रमांकावर थांबलं.

यात कुणाची अगतिकता नव्हती. अमेरिकेखालोखाल जगातली सर्वांत मोठी संगीताची बाजारपेठ जपानची. गायकाचं सगळं आयुष्य घरातच सुखाने जाऊ शकतं. त्यामुळे बाहेर पडायचं ते हौसेने, आणि बाहेर नाही जमलं तर घर शाबूत.

या सगळ्यात उताडा हिकारू यांची गोष्ट वेगळी, आणि मला वाटतं सर्वांत महत्त्वाची. जन्म न्यू यॉर्कचा, १९८३ चा. आई फुजी केइको या एन्का या भावुक, जुन्या वळणाच्या जपानी गाण्यांच्या प्रकारातल्या नामवंत गायिका, वडील संगीत निर्माते. इंग्रजी ही घोकलेली नव्हे, घरातलीच भाषा. जपानमध्ये नाव होण्याआधीच ‘क्युबिक यू’ या नावाने इंग्रजी अल्बम निघाला होता. मग १९९९ मध्ये ‘फर्स्ट लव्ह’ आला. त्याच्या ७० लाखांहून अधिक प्रती एकट्या जपानमध्ये खपल्या. तिथे आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम तोच.

२००४ मध्ये आयलंड डेफ जॅम या अमेरिकन कंपनीतर्फे ‘एक्सोडस’ आला. मुखपृष्ठावर नाव फक्त ‘उताडा’. काही गाण्यांचे निर्माते अमेरिकेचे टिंबालँड, पण शब्द उताडा यांचे आणि संगीताची बरीचशी जुळवाजुळवही त्यांचीच. ‘क्रेमलिन डस्क’ ऐका : अमेरिकन कवी एडगर ॲलन पो आणि त्याच्या कवितेतली लेनोर यांच्यापासून सुरू होणारं गाणं, शेवटाकडे ‘द मार्स व्होल्टा’ या रॉक बँडच्या जॉन थिओडोर यांच्या ड्रम्सवर अक्षरशः फुटतं. जपानमध्ये अल्बम थेट पहिला. अमेरिकेत बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत १६० वा. ‘डेव्हिल इनसाइड’ तिथल्या नृत्य-क्लबांच्या यादीत अव्वल ठरलं, पण मुख्य रेडिओने दार उघडलं नाही. दोष उच्चारांचा नव्हताच. हा अल्बम धड आर अँड बी नाही, धड रॉक नाही, आणि गाणारा चेहरा आशियाई. रेडिओच्या ठरलेल्या कप्प्यांत तो बसेना, असं माझं मत आहे.

उताडा यांच्या पुढच्या इंग्रजी अल्बममध्ये, २००९ च्या ‘दिस इज द वन’मध्ये, स्टारगेट आणि ट्रिकी स्टुअर्ट यांच्यासारखे त्या काळचे हुकमी निर्माते आले. क्रमांक सुधारून ६९ झाला, गाणी गुळगुळीत झाली. मी आजही ‘एक्सोडस’च लावतो.

नंतर वाटच बदलली. गायिका मात्सुबारा मिकी यांचं १९७९ चं ‘मायोनाका नो डोअर’ २०२० मध्ये जगभरच्या मोबाइलवर वाजू लागलं. ना रेडिओ लागला, ना अमेरिकन कंपनी. ‘योआसोबी’ या जपानी जोडीने २०२१ पासून स्वतःच्या गाण्यांच्या इंग्रजी आवृत्त्या काढल्या. त्यांतले शब्द असे निवडलेले, की कान जरा सैल सोडला तर मूळ जपानी ओळच ऐकू येते. आणि उताडा यांनी २०२२ च्या ‘बॅड मोड’मध्ये दोन्ही भाषा एकाच अल्बममध्ये नांदवल्या.

फुजी काझे या वळणावर भेटतात. ओकायामा प्रांतातल्या सातोशो या छोट्या गावचा मुलगा, पियानोवर गाणी वाजवून बाराव्या वर्षापासून यूट्यूबवर टाकणारा. २०२० च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं ‘शिनुनोगा ई-वा’ दोन वर्षांनी थायलंडमधून टिकटॉकवर पसरलं.  पहिल्या दोन अल्बमची इंग्रजी नावं सत्य साईबाबांच्या वचनांतून आली, आणि तिसऱ्याचं नाव तर आपल्याला उलगडून सांगायला नको. ‘प्रेमा’ करताना अमेरिकेची रिपब्लिक रेकॉर्ड्स पाठीशी होती, निर्मात्यांत ‘२५०’ या नावाने काम करणारे कोरियाचे निर्माते होते, आणि त्यातल्या एका गाण्याचं नाव आहे ‘हाचिको’, मेलेल्या मालकाची टोकियोतल्या शिबुया स्टेशनबाहेर वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कुत्र्याचं. ‘सुकियाकी’च्या वेळी गाण्याचं बारसं परक्यांनी केलं होतं, या इंग्रजी गाण्याचं जपानी नाव मात्र गायकाने स्वतःच ठेवलं आहे.