आधी जंतू ओळखा, मग ट्यूब: गोठ्यातील कासदाह तपासणीची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सहज मिळू लागले आणि दगडी, म्हणजेच कासदाह, दिसला की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडायची हा रिवाज पडला. जंतू कोणता, हे पाहायची सोय गोठ्यात नव्हती.

गोठ्यात उभ्याउभ्या करता येईल अशी सोपी चाचणी १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात शाल्म आणि नूरलँडर यांनी दिली. चार खणांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचे सुमारे २ मिलि दूध आणि तेवढेच द्रावण घेऊन ते दहा सेकंद गोल फिरवायचे. द्रावणातील डिटर्जंटने दुधातल्या पेशी फुटतात, त्यांतला डीएनए मोकळा होतो आणि दूध घट्ट, चिकट होते. बाहेरून न दिसणारा सुप्त कासदाह यात पकडता येतो. आपल्याकडे हीच चाचणी ‘सीएमटी’ (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे कॅलिफोर्निया कासदाह चाचणी) म्हणून रुळली. मात्र दाह कशामुळे आहे, हे ती सांगत नाही. केवळ तिच्यावरून प्रतिजैविक निवडणे चूक.

ही उणीव अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने गोठ्यात वापरायच्या, जंतू वाढवणाऱ्या दुभागी प्लेटने भरून काढली. एका भागावर ग्रॅम-निगेटिव्ह, दुसऱ्यावर ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू वाढतात (ग्रॅम या रंगचाचणीने पडणारे हे जंतूंचे दोन गट). दूध स्वॅबने पसरवून प्लेट ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायची. ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूचा सौम्य दाह गायीची प्रतिकारशक्ती बहुधा स्वतःच निस्तरते. काहीच न वाढल्यासही ट्यूबचा लाभ क्वचितच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२२ गायींच्या चाचणीत केवळ ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू आढळलेल्या सडांना औषध दिले, तेव्हा प्रतिजैविकांचा वापर निम्म्यावर आला आणि गायी बऱ्या होण्यात फरक पडला नाही.

बहुतेक घोटाळे नमुना घेतानाच होतात. पहिल्या तीन-चार धारा टाकून द्याव्यात, सडाचे टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे आणि निर्जंतुक नळी तिरकी धरावी, म्हणजे केस-शेण आत पडत नाही. प्लेटवर तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू दिसले, तर नमुना दूषित समजून पुन्हा घ्यावा. ट्यूब सोडल्यानंतर घेतलेला नमुना ‘काही वाढले नाही’ असे फसवे उत्तर देतो.

प्लेटच्या निकालासाठी थांबणे फक्त सौम्य आणि मध्यम दाहासाठी आहे. ताप आलेल्या, चारा सोडलेल्या गायीसाठी प्लेटची वाट न पाहता तातडीने पशुवैद्यक बोलवावा.