तिसरा फेज आला कुठून?

जुना लेथ किंवा मिलिंग मशिन घरी आणलं की पहिली अडचण विजेची. मशिनची मोटर थ्री फेज, म्हणजे एकामागोमाग चढउतार करणाऱ्या तीन वीजप्रवाहांवर चालणारी, आणि घरात येतो सिंगल फेज, म्हणजे असा एकच. यावर हौशी मंडळी रोटरी फेज कन्व्हर्टर बांधतात. एक थ्री फेज मोटर सिंगल फेजवर नुसती फिरत ठेवायची आणि तिच्या मोकळ्या टर्मिनलवरून तिसरा फेज घ्यायचा. ही युक्ती मोठी झाली ती रेल्वेत.

थ्री फेज मोटर ज्यावर फिरते ते फिरतं चुंबकीय क्षेत्र गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये तुरिनला दाखवलं. टेस्लांची पेटंटं 1888 ची, आणि 1889 मध्ये डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी थ्री फेज इंडक्शन मोटर केली. फिरत्या भागाला घासून वीज देणारे ब्रश आणि कम्युटेटर त्यात नाहीत. अशी दणकट मोटर रेल्वेलाही हवी होती. पण तीन फेज इंजिनापर्यंत न्यायचे तर डोक्यावर दोन तारा लागतात, तिसरा फेज रुळातून. इटलीत वाल्टेलिना मार्गावर हंगेरीचे अभियंते काल्मान कांडो यांनी 1902 मध्ये तसं करून दाखवलं. मात्र रूळ बदलण्याच्या जागी त्या दोन तारा सांभाळणं जिकिरीचं होतं. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने 1915 मध्ये वर एकच तार ठेवली आणि सिंगल फेजचा थ्री फेज करणारा कन्व्हर्टर इंजिनातच बसवला. वेस्ट व्हर्जिनियाच्या चढणीवर कोळशाच्या गाड्या त्यावर ओढल्या गेल्या. पुढे कांडोंनीही हंगेरीत फेज कन्व्हर्टर असलेलं इंजिन रचलं, पण ते सेवेत येण्याआधी, 1931 मध्ये कांडो वारले.

आपल्याकडे हे यंत्र ‘आर्नो’ म्हणून ओळखलं जातं, इटलीच्या रिकार्डो आर्नो यांच्या नावावरून. 25 केव्हीच्या (25 हजार व्होल्टच्या) जुन्या एसी इंजिनांत ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या मोटरींना थ्री फेज तोच पुरवायचा. इगतपुरीला डीसी इंजिन सुटून एसी इंजिन लागायचं तेव्हा त्यातही आर्नो घुमत असायचा. नंतर त्याची जागा स्टॅटिक, म्हणजे फिरता भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरने घेतली.

तत्त्व सगळीकडे एकच. थ्री फेज मोटर सिंगल फेजवर जागची हलत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. पण एकदा दोरी ओढून किंवा स्टार्टिंग कपॅसिटर लावून तिला वेग दिला की ती फिरत राहते. मग फिरणाऱ्या रोटरचं, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचं, चुंबकीय क्षेत्र मोकळ्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) व्होल्टेज निर्माण करतं. हाच तिसरा फेज. रनिंग कपॅसिटर लावून त्याचं व्होल्टेज बाकीच्या दोघांच्या जवळ आणायचं.

अमेरिकेत घरी 240 व्होल्ट मिळतात आणि तिथल्या पुष्कळ जुन्या मशिनींच्या मोटरी 220च्या आसपासच्या, म्हणून कारखान्यातून निघालेली मशिनं गॅरेजात आली तशी ही पद्धत तिथे रुजली. आपल्या मोटरी 415च्या, घरचा पुरवठा 230चा. इथे लहान मोटरीची टर्मिनल पेटी उघडून बघावी. वाइंडिंगच्या टोकांचे सहा खिळे (स्टड) पेटीत आणलेले असतील आणि प्लेटवर 415 स्टार (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) लिहिलं असेल, तर तिन्ही खिळे एका ओळीत जोडणाऱ्या पट्ट्या काढून त्या उभ्या लावायच्या. डेल्टा, म्हणजे वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली, तीच मोटर 240 व्होल्टवर चालते. ही अदलाबदल कन्व्हर्टरच्या मोटरीतही हवी आणि लेथच्या मोटरीतही. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल मात्र मेनच्या दोन तारांवरच घ्यावी, तयार केलेल्या फेजवर कधीच नाही.