गाडी जड चालतेय? पद्मिनी आणि अँबेसिडरच्या मालकांसाठी

न्यूट्रलला टाकली की गाडी पूर्वीसारखी घरंगळत नाही. ॲव्हरेज पडलंय. सिग्नलला थांबलं की एका चाकाकडून जळका वास येतो. ही तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे बरेच जण आधी कार्बुरेटर साफ करून, क्वचित क्लच प्लेट बदलूनही आलेले असतात. इंजिनाचा त्यात काही दोष नसतो. पेडलवरचा पाय काढला तरी ब्रेक शू (ब्रेक मारला की बाहेर दाबले जाणारे चाकातले तुकडे) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, धरून राहतात आणि इंजिन बिचारं ब्रेक लागलेली गाडी ओढत असतं.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी घ्या किंवा उत्तरपाड्याची जुनी अँबेसिडर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. शेवटच्या पद्मिनीलाही आता पंचवीसेक वर्षं झाली. त्यामुळे रबर, स्प्रिंग, केबल यांतलं काहीही दगा देऊ शकतं, आणि नेमकं काय ते न शोधता सगळंच बदलायचं म्हटलं तर खिसा रिकामा होतो. हा कागद त्यासाठीच.

कुठलं चाक, आणि कधी?

आमच्याकडे येण्याआधी एवढं बघून या. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा. शेवटी शक्यतो ब्रेक न मारता, गाडी आपोआप थांबेल अशी बाजूला घ्या. मग तळहात नव्हे, हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्या. ड्रमला हात लावू नका, भाजेल. तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतू नका, तडा जाऊ शकतो. चारांपैकी कुठलं चाक जास्त तापलंय ते लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न वेळेचा. गाडी सकाळी गॅरेजमधून निघतानाच अडखळते, की सकाळी मोकळी असते आणि वीस-पंचवीस किलोमीटरनंतर जड होत जाते? आमचं अर्धं निदान या एका उत्तरावर होतं.

चारही चाकं एकदम धरत असतील आणि तेही गाडी तापल्यावर, तर आम्ही आधी मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाकडे, बघतो. त्यात एक बारीक भोक असतं. पाय काढला की ब्रेक ऑइल त्यातून आपल्या छोट्या टाकीत परत येतं. पेडलच्या दांड्याला मोकळी हालचाल उरली नसेल, किंवा आतलं रबर फुगलं असेल, तर ते भोक झाकलं जातं. ऑइल तापून प्रसरण पावतं, जायला जागा नाही, म्हणून शू आणखी दाबले जातात. त्याने ते आणखी तापतं. अर्धा तास थांबलात की सगळं थंड होऊन गाडी पुन्हा मोकळी. पेडल बोटाने दाबून बघा. सुरुवातीला ते किंचित मोकळं हललं पाहिजे. लगेच घट्ट लागत असेल तर कदाचित दांड्याच्या ॲडजस्टमेंटवर काम भागेल.

निपलची चाचणी

गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावतो आणि धरलेलं चाक हाताने फिरवतो. फिरत नाही. आता त्या चाकाचं निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, पाव आटा सैल करतो. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. निपल उघडूनही चाक धरूनच राहिलं, तर दोष ड्रमच्या आत किंवा हँडब्रेकमध्ये आहे: व्हील सिलिंडरचा (चाकातल्या, शू दाबणाऱ्या सिलिंडरचा) गंजलेला पिस्टन, थकलेली स्प्रिंग, जास्त आवळलेलं ॲडजस्टर, अडकलेली केबल. निपलमधून थेंबभर ऑइल आलं म्हणून घाबरू नका. ड्रम ब्रेकमध्ये बहुधा थोडासा दाब मुद्दाम राखलेला असतो.

दाब अडकलेला निघाला तर तो पुन्हा निर्माण करतो, म्हणजे पेडल मारून चाक परत धरायला लावतो, आणि या वेळी रबरी होजच्या (चाकाकडे जाणाऱ्या लवचिक नळीच्या) अलीकडचा, मास्टर सिलिंडरच्या बाजूचा पाइप सैल करतो. चाक सुटलं तर दोष मागे, मास्टरकडे. नाही सुटलं तर दोष होजमध्ये. होज बाहेरून नव्यासारखा दिसतो, पण आतून फुगून बोळा झालेला असतो. तुमच्या पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, शूच्या स्प्रिंगचा जोर ते परत आणायला पुरत नाही. मागच्या ॲक्सलला एकच होज असेल तर मागची दोन्ही चाकं एकत्र धरतात.

खरं सांगायचं तर हे आम्हीही चुकून शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या पद्मिनीला नवा मास्टर सिलिंडर बसवला, गाडी आठवड्यात परत आली. दोष पुढच्या डाव्या होजमध्ये होता. तेव्हापासून निपल उघडल्याशिवाय आम्ही कुठलाच पार्ट मागवत नाही.

टाकीत काय ओतलंय?

प्रवासात कोणी ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल ओतलं असेल तर लपवू नका. त्याने सगळी रबरं फुगतात. शंका असेल तर टाकीतले चार थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. साधं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर पाइप धुऊन सगळी रबरं आणि होज बदलण्यावाचून उपाय नाही. तो खर्च मोठा आहे, म्हणून आधीच सांगतो. (ग्लास नंतर चहाला वापरू नका. आणि ऑइल बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.)

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलावं. ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं. धरलेल्या ब्रेकने चाक तापलं, ऑइल उकळलं, की पेडल थेट तळाला जातं. म्हणून चाकातून धूर किंवा जळका वास येत असताना घाटात उतरू नका, टो करून आणा.

पावसाळ्यात उभी राहणारी गाडी

जून ते सप्टेंबर हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे पट्टे, गंजाने ड्रमला चिकटतात. हँडब्रेक सोडून ठेवा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून विटा लावा. चिकटलेच असतील तर इंजिनाच्या जोरावर हिसके देऊन सोडवू नका. लायनर शूवरून उखडतो आणि ड्रममध्ये अडकतो. ड्रम उघडला तर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

गाडी आणाल तेव्हा निपलला आधी कोणाला पाना लावू देऊ नका. अडकलेला दाब तिथेच निघून गेला की आम्हाला तपासायला काही उरत नाही.