पिवळी पट्टी नेमकं काय विचारते?

महिनाअखेरीला आमच्या हिशेब खात्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मॅडम, ते पिवळं आलंय, काय करू?" आणि मान वर न करता दिलेलं माझं उत्तरही ठरलेलं : "कर रे एनेबल." कितीतरी वर्षं मी हेच सांगत आले.

एक्सेलची फाइल उघडली की वरच्या बाजूला येणारी ती पट्टी सांगत असते, की बाहेरून माहिती आणणाऱ्या जोडण्या सध्या बंद ठेवल्या आहेत. शेजारी 'एनेबल कंटेंट'चं बटण. आपला समज असा, की फाइल चांगली आहे की वाईट, हे ती विचारतेय. पण फाइल चांगली की वाईट हे एक्सेलला ठाऊकच नसतं. त्याचा प्रश्न वेगळा आहे : ही फाइल तुमच्या नावाने बाहेर जाऊन काहीतरी आणू बघतेय, जाऊ देऊ का?

'तुमच्या नावाने' यातच सगळी मेख आहे. समजा, शीटमधली लिंक दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. तिथे पोचल्यावर ओळख पटवायची वेळ आली, की विंडोज पुष्कळदा तुम्हाला न विचारताच ती पटवू लागतं. पासवर्ड जसाच्या तसा जात नाही, पण त्यापासून गणिताने तयार केलेलं उत्तर जातं. समोरचा लबाड असेल तर ते साठवून ठेवतो आणि सवडीने पासवर्डचे अंदाज ताडून पाहत बसतो. पासवर्ड मुलाचं नाव आणि जन्मसाल असा असेल, तर फार वेळ बसावंही लागत नाही.

२०१८ साली तर याहून साधी युक्ती निघाली. 'आयक्यूवाय' नावाचा फाइलचा एक जुना प्रकार आहे. वेबवरून माहिती आणायची चिठ्ठीच म्हणा : दोन-तीन ओळींचा साधा मजकूर आणि त्यात एक वेबपत्ता. व्हायरस नाही, मॅक्रो (फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्रॅम) नाही, त्यामुळे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला धरण्यासारखं त्यात फारसं काही सापडायचं नाही. नेकर्स या बॉटनेटने, म्हणजे परस्पर ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याने, अशा चिठ्ठ्या जोडलेल्या मेलचा पाऊस पाडला. उघडल्यावर एक्सेल विचारायचं, जोडणी चालू करू? हो म्हटलं की त्या पत्त्यावरून आकडे येण्याऐवजी एक सूत्र यायचं, आणि ते संगणकावर दुसराच प्रोग्रॅम सुरू करू पाहायचं. एक्सेल पुन्हा विचारायचं. पुन्हा हो म्हटलं, की यंत्राचा ताबा दूरवरच्या कुणाकडे. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. दोन्ही वेळा दार आतूनच उघडलं गेलं.

लोक हो का म्हणतात? निष्काळजीपणाला नावं ठेवणं सोपं आहे, पण इथे मेंदूचाही हात आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून त्याच त्या इशाऱ्यांची चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली. २०१५ साली मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा, की दुसऱ्याच खेपेला दृश्य समजून घेणाऱ्या भागांतली हालचाल बरीच उतरते. म्हणजे डोळ्यांना पट्टी दिसते, पण मेंदू ती वाचायचे कष्ट घेत नाही. रोज येणारा इशारा हा इशारा उरतच नाही. तेव्हा पट्टी क्वचितच यावी आणि आली की वाचली जावी, अशी व्यवस्था लावणं हे खरं काम.

आधी एक दिलासा. नुसतं वाचायचं असेल तर बटण दाबायची गरजच नसते. मागच्या खेपेला आणलेले आकडे फाइलमध्ये साठवलेले असतात, ते तसेच दिसतात. बटण हवं ते ताज्या आकड्यांसाठी.

जोडणी कुठे जाते हे बघायचं असेल, तर 'डेटा' टॅबमध्ये 'क्वेरीज अँड कनेक्शन्स' आणि 'एडिट लिंक्स' आहेत (नव्या आवृत्तीत 'वर्कबुक लिंक्स'). मला मात्र दुसरी वाट आवडते. एक्सएलएसएक्स फाइलची प्रत काढायची, नावाच्या शेवटी 'झिप' लिहायचं आणि उघडायची. आत 'एक्सएल' फोल्डरमध्ये 'कनेक्शन्स' नावाची फाइल असली, तर ती नोटपॅडमध्ये वाचता येते : सर्व्हरचं नाव, डेटाबेसचं नाव, आणि कुणी 'पासवर्ड सेव्ह करा'वर खूण केली असेल तर तोही उघडा पडलेला! 'एक्स्टर्नल लिंक्स' फोल्डरमध्ये दुसऱ्या वर्कबुकमधून आणलेले आकडे पडून असतात. पगाराच्या शीटशी जोडलेलं कोटेशन बाहेर पाठवताना हे जरूर आठवावं.

मग ट्रस्ट सेंटर, म्हणजे एक्सेलच्या 'ऑप्शन्स'मधलं सुरक्षेच्या सेटिंग्जचं पान. तिथे 'एक्स्टर्नल कंटेंट'मध्ये 'सगळ्या जोडण्या चालू ठेवा' असा पर्याय आहे, आणि वैतागलेला माणूस नेमका तोच निवडतो. निवडू नये. त्यापेक्षा रोजच्या, तपासलेल्या फाइलींसाठी एक फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन' करावा. तिथे पट्टी येत नाही, म्हणूनच डाउनलोड्सच्या फोल्डरला हा मान कधीही देऊ नये. आणखी एक खाच : एकदा एनेबल केलेली फाइल त्या संगणकावर विश्वासू ठरते. पुढे तिच्यात कुणी नवी जोडणी घातली तरी, जागा बदलली नसेल तर, एक्सेल पुन्हा विचारत नाही. सामायिक ड्राइव्हवरच्या फाइलींना हा विश्वास देऊच नये, अशी सोय तिथेच 'ट्रस्टेड डॉक्युमेंट्स'मध्ये आहे.

आमच्या पिवळ्या पट्टीचं मूळ मी शेवटी शोधलं. शाखेकडून दर महिन्याला मेलने येणाऱ्या शीटमधली लिंक 'ई' ड्राइव्हवरच्या एका फाइलकडे जात होती. तो होता निवृत्त झालेल्या एका साहेबांचा पेन ड्राइव्ह. आम्ही दर महिन्याला एनेबल दाबायचो, मग 'लिंक अपडेट करता आली नाही' अशी दुसरी खिडकी यायची, तिच्यावर 'कंटिन्यू' दाबायचो. येत काहीच नव्हतं. शाखेला सांगून मूळ फाइलमधली लिंक तोडून घेतली.

पुढच्या महिनाअखेरीला शेजारच्या टेबलावरून काळजीचा आवाज आला, "मॅडम, आज पिवळं आलंच नाही. फाइल बिघडली का?"