तुरा-केस अंतर (मका)

मक्याच्या तुऱ्यातून पराग झडू लागल्यापासून कणसाला केस (स्त्रीकेसर) दिसेपर्यंत जे दिवस जातात, ते तुरा-केस अंतर. ओल पुरेशी असेल तर ते साधारण एक ते तीन दिवसांचे असते. ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड पडला की ते आठवड्यावर जाऊ शकते. तुरा जवळपास वेळेवर झडतो; केस मात्र रखडतात.

केस लांबतो तो पेशी पाण्याने फुगल्यामुळे, म्हणून पाण्याचा ताण त्याला आधी बाधतो. एका दाण्यामागे एक केस. बुडाकडचे केस प्रथम बाहेर येतात, टोकाकडचे शेवटी. ताण पडलेल्या कणसाचे टोक बोडके राहते ते यामुळेही. मात्र दोष केवळ परागाच्या तुटवड्याचा नसतो. उशिरा आलेल्या केसांवर ताजा पराग हाताने टाकला तरी सगळे दाणे भरत नाहीत, कारण साखर न पोचल्याने बीजांडे (ज्यांतून दाणे बनतात ती) गळलेली असतात. हे अंतर म्हणजे कणसाची झालेली उपासमार बाहेरून मोजण्याची खूण होय.

आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने (सिमिट) मेक्सिकोतील त्लाल्तिसापान येथे 1975 पासून ‘तुश्पेन्यो’ या उष्ण प्रदेशातील मक्यावर ताणाखाली निवड चालवली. निवडीच्या आठ फेऱ्यांत दर फेरीमागे हेक्टरी सुमारे 100 किलो उत्पादन वाढले. मुळे खोल जाऊन हे साधले असेल असे वाटण्याची शक्यता आहे, पण जमिनीतून उचललेले पाणी फारसे वाढले नव्हते. अंतर घटले आणि झाडाने कमावलेल्यातला मोठा वाटा कणसाकडे वळला.

कोणते वाण ताण सोसते हे पाहण्याची चाचणी पावसाची शक्यता नसलेल्या हंगामात घेतात. उगवण एकसारखी व्हावी म्हणून सुरुवातीला पाणी पुरेपूर देतात. फुलोऱ्याच्या साधारण दोन आठवडे आधी पाणी तोडतात. किती आधी, हे जमिनीची खोली आणि बाष्पीभवन पाहून ठरते. शेजारी तेच वाण भरपूर पाण्यावर असतात. प्रत्येक प्लॉटमधील निम्म्या झाडांचा तुरा झडू लागला तो दिवस आणि निम्म्या झाडांना केस दिसले तो दिवस लिहून वजाबाकी करायची. त्यासाठी रोज सकाळी फेरी हवी. एक दिवस चुकला तर तीन दिवसांच्या आकड्यात ती चूक मोठी ठरते. जोडीला झाडामागे कणसे, पाने गुंडाळणे आणि पाने वाळणे यांची नोंद घेतात.

बिघडते ते बहुधा वेळेच्या हिशेबात. लवकर येणारे वाण ताण चढण्याआधीच फुलतात आणि सहनशील भासतात, म्हणून पक्वतेनुसार गट पाडून पेरणी मागेपुढे करावी लागते. शेजारच्या ओल्या प्लॉटमधून पाणी पाझरले किंवा जमिनीची खोली जागोजागी बदलली, तर वाणाऐवजी मातीच मोजली जाते. उपाय म्हणजे रुंद मोकळा पट्टा, कडेच्या ओळी आणि पुनरावृत्ती (तेच वाण अनेक प्लॉटमध्ये लावणे). ताण अति झाला तर सगळेच वांझ राहतात आणि निवडायला काही उरत नाही. निम्म्या झाडांना केस आलेच नाहीत तर तारीखच मिळत नाही. अशा प्लॉटची नोंद रिकामी सोडली की सर्वांत वाईट वाण हिशेबातून निसटतात आणि सरासरी फसवी चांगली दिसते.

उष्णतेच्या ताणात हे माप अपुरे पडते. तिथे परागच मरतो, तुरा पांढरा पडून करपतो. अंतर शून्य असूनही कणीस रिकामे राहू शकते. आणि अनेक आधुनिक संकरित वाणांत केस तुऱ्याच्या बरोबरीने किंवा आधीच येतात. तेथे निवडीसाठी फरकच थोडा उरतो, आणि झाडामागे कणसे मोजणे अधिक उपयोगी पडते.